कारखानी आणि पुरचुंडी

माणसं जमिनीवरून भांडतात, सोन्यावरून भांडतात, ते एक वेळ समजू शकतं. पण टोमॅटोवरून एखाद्याच्या पोटात दुखावं आणि अख्खा हंगाम दुखत राहावं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटेल? मापाडीच्या पोटात दुखत होतं. तुम्ही त्याला विचारलं असतंत तर म्हणाला असता, मला काय धाड भरलीय दुखायला. ज्याच्या पोटात दुखतं तो असंच म्हणतो.

मापाडी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. नट-बोल्टच्या कारखान्यात तो तपासणीच्या टेबलावर बसायचा. समोर बोल्टांचा ढीग आणि हातात पोलादी कडं. बोल्ट कड्यात नेमका बसला की पास, अडला की बाद, सैल गेला तरी बाद. आयुष्यभर हेच काम केल्यावर माणसाचं काय होतं ते त्याच्या घरी जाऊन बघायचं. टॉवेलाच्या घड्या एका मापाच्या, पावाचे तुकडे एका जाडीचे, चपला दाराशी रांगेत. कारखान्यातल्या पोरांनी त्याला मापाडी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याच्या मागोमाग वसाहतीत आलं. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे.

बायको बालवाडीत बाई होती. दिवसभर नाक गळणाऱ्या, रडणाऱ्या, हसणाऱ्या मुलांत राहून आलेली. तिथे कड्यात बसणारं एकही मूल तिला कधी भेटलं नाही. घरी आली की चप्पल वाटेल तिथे काढायची. तो उचलून रांगेत ठेवायचा. असा त्यांचा संसार चालला होता आणि चांगला चालला होता, हे सांगायला हवं. मुलगी लग्न होऊन लांब गेली, दोघंही निवृत्त झाली, आणि मग मापाडीला टोमॅटोचं वेड लागलं.

वसाहतीमागे पाण्याच्या टाकीखाली मोकळी जागा होती. पट्टे पाडून, ज्याला हौस त्याला लावायला दिलेली. दोन पट्ट्यांच्या मध्ये भिंत नाही की कुंपण नाही, नुसती सुतळी ताणलेली. मापाडीचा पट्टा पाहिला की शिस्त म्हणजे काय ते कळायचं. काठ्या एका उंचीच्या, झाडं सरळ रेषेत, खाली गवताची काडी नाही. तो लावायचा एकच जात: पाकिटातलं संकरित बियाणं, जाड सालीचा, गोल, टणक टोमॅटो. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असा. शेजारच्या पट्ट्यांवरचे लोक त्या टोमॅटोला चेष्टेने कारखानी म्हणायचे. मापाडीला ते कौतुकच वाटायचं.

आणि त्याने काय केलं होतं माहीत आहे? पाण्याच्या नळीचा एक तुकडा कापून, कडा घासून, टोमॅटोसाठी कडं बनवलं होतं. फळावर लालीची पहिली छटा दिसली, ते कड्यात बसलं, की लगेच तोडायचा. झाडावर ठेवलं तर फुगतं, मऊ पडतं, साल फाटते, पाखरं टोचतात, शिवाय लोकांच्या नजरा असतात त्या वेगळ्याच. तोडलेला माल कागदावर मांडून फ्रिजमध्ये. पंधरा दिवस काही होत नसे. टिकतो, हे तो ज्या अभिमानाने म्हणायचा त्या अभिमानाने लोक मुलगा डॉक्टर आहे म्हणतात. स्वतः मात्र न शिजवलेला टोमॅटो कधी तोंडात घालायचा नाही. आपलं काम मापाचं, चवीचं नव्हे, असं त्याचं म्हणणं.

मग शेजारच्या पट्ट्यावर कंडक्टर आला.

बसवरचा कंडक्टर, तोही निवृत्त. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. आयुष्यभर गर्दीला पुढे सरका पुढे सरका म्हणून ओरडल्याने आवाज असा फुटलेला, की तो गुड मॉर्निंग म्हणाला तरी टाकीवरची कबुतरं उडायची. त्याच्या पट्ट्यात काठ्या वाकड्यातिकड्या, झाडं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. आणि फळं? देवा. कुठल्याशा प्रवाशीण बाईने दिलेलं जुनं बियाणं होतं म्हणे. लालही नाही नि गुलाबीही नाही असा रंग, देठाकडे चुण्या पडून सगळं गोळा झालेलं, जणू फडक्यात काहीतरी बांधून गाठ मारलीय. कंडक्टर त्या जातीला पुरचुंडी म्हणायचा. निम्म्या फळांना भेगा. दोन पुरचुंड्या एका आकाराच्या निघाल्या असत्या तर मापाडीने मिशी उतरवली असती. पहिले काही दिवस तो सुतळीच्या अलीकडून त्या झाडांकडे बघायचा आणि त्याला कंडक्टरची मनापासून कीव यायची.

कीव गेली ती एका सकाळी. मापाडी चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला बायको पट्ट्यावर आली. एरवी ती येतच नसे. कंडक्टरने तिला बघितलं आणि आनंदाने हाकच मारली. त्याची मुलगी बालवाडीत तिच्याच हाताखाली होती, म्हणून तो तिला बाई म्हणायचा. हातातला चष्मा नवऱ्याच्या हातात देऊन ती सुतळी ओलांडून पलीकडे गेली. मापाडीला वाटलं, दोन शब्द बोलून येईल. ती झाडांत वाकली, इकडे तिकडे चाचपत राहिली, एक भलामोठा भेगाळलेला टोमॅटो तोडला आणि तिथेच उभ्याउभ्या चावा घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती हसली, आणि मग काहीतरी म्हणाली, ते काही मापाडीला ऐकू आलं नाही.

लग्न एवढं जुनं झालं, पण आपण आणलेलं काही खाताना हिने डोळे मिटलेले त्याला आठवेना. तो आठवत उभा राहिला. चष्मा हातातच होता.

त्या दिवसापासून त्याच्या अंगाचा जो तिळपापड सुरू झाला तो थांबेना. कारण बायको आता पट्ट्यावर येऊ लागली. एक दिवसाआड, कधी रोजच. नवऱ्याला चहा आणला म्हणायची. चहा त्याच्या हातात द्यायची आणि सुतळी ओलांडायची. येताना दोन-तीन पुरचुंड्या घेऊन यायची आणि घरी मीठ लावून खायची. फ्रिजमधले कारखानी सूपमध्ये जायचे, रस्स्यात जायचे, ऑम्लेटमध्ये बारीक कापून जायचे. म्हणजे आपला टोमॅटो शिजवायला आणि कंडक्टरचा खायला. हा हिशोब त्याने एकदा मनात मांडला आणि मग तो त्याला जेवताना, झोपताना, दाढी करताना आठवत राहिला. ती गुणगुणायला लागली होती का? पूर्वीही गुणगुणायची का? केस आज नीट विंचरलेत ते कशासाठी? एकदा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की कंडक्टर एवढं काय बोलतो. ती म्हणाली, काही नाही हो, बसच्या गमती सांगतो. त्याने मनात म्हटलं, मलाही कारखान्याच्या गमती माहीत आहेत. आठवायला गेला तर एकही आठवली नाही.

शेवटी त्याने ठरवलं, एकदा सगळ्यांच्या देखत सोक्षमोक्ष लावायचा. पट्टेवाल्यांना गोळा करून त्याने प्रस्ताव मांडला: रविवारी सकाळी सगळ्या जातींची तुलना करू, कुठली सरस ते ठरू दे, पुढच्या हंगामात सगळ्यांनाच उपयोग. लोकांना काय, निमित्त हवंच असतं. दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांचे द्राक्षांएवढे बारके टोमॅटो घेऊन आल्या, निवृत्त पोस्टमनने त्याचे पिवळे आणले, कंडक्टर पुरचुंड्यांची बादली घेऊन हजर झाला. टाकीखाली टेबल मांडलं. तुलना कशी करायची ते मापाडीने आधीच योजून ठेवलं होतं. वजन केलं. आकार मोजला. टेबलावरून गडगडत सोडून कुठला फुटतो ते पाहिलं. आठवडाभर आधी तोडलेला कुठला अजून टणक आहे तेही पाहिलं. प्रत्येक वेळी कारखानी पहिला. एक पुरचुंडी गडगडून डॉक्टरीणबाईंच्या पायावर फुटली तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने स्वतः फडकं आणून दिलं.

इथेच थांबला असता तर. पण डॉक्टरीणबाई पाय पुसता पुसता म्हणाल्या, आता खाऊनही बघू या की. लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. मापाडीला नाही म्हणता येईना. बशांत फोडी घातल्या, कुठली फोड कुणाची ते फक्त डॉक्टरीणबाईंना माहीत. ज्याला जी आवडेल त्या बशीपुढे त्याने एक शेंगदाणा ठेवायचा. मापाडीने खायला नकार दिला. म्हणाला, मी परीक्षक आहे. त्याची बायको सगळ्या बशांवरून गेली. एका बशीपाशी दोनदा आली. दुसऱ्या एका बशीतली फोड तिने चावली, चावली आणि डॉक्टरीणबाईंना अगदी भाबडेपणाने विचारलं, "हा बाजारातून आणलाय का?"

डॉक्टरीणबाईंनी बशी जरा मागे सरकवली आणि तेवढ्याने तो टोमॅटो कुणाचा ते सगळ्यांना कळलं. तिलाही कळलं. तिने नवऱ्याकडे बघितलं तेव्हा तो तराजू पिशवीत भरत होता. शेंगदाणे जवळपास सगळे पुरचुंडीपुढे पडले होते आणि कंडक्टर, ज्याला आयुष्यात कधी गप्प बसता आलं नाही, तो त्या क्षणी नेमका गप्प होता. ते मापाडीला जास्त लागलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्यानंतर त्याने जे केलं ते त्याने कारखान्यात कुणाला करताना पकडलं असतं तर थेट साहेबांपुढे उभं केलं असतं. भर दुपारी, पट्ट्यावर चिटपाखरू नसताना, तो सुतळी ओलांडून पलीकडे गेला. टोमॅटोच्या झाडाला पान आणि खोड यांच्या बगलेतून फूट येते. ती मोडून पाण्यात ठेवली तर मुळं धरते आणि झाड होतं, अगदी आईच्या गुणाचं. त्याने पुरचुंडीची अशी एक बगलफूट मोडली, सदऱ्याखाली घातली आणि घरी आणली. मोरीच्या खिडकीत, साबणाच्या डब्यामागे, ग्लासात ठेवली. मुळं फुटल्यावर आपल्या पट्ट्याच्या टोकाला, उंच झाडांच्या आड लावली. तो झाडाला पाणी घालायचा तेव्हा इकडे तिकडे बघून घालायचा. चोराच्या मनात चांदणं.

मनात एकच होतं. जात हातात आली की झालं. हीच पुरचुंडी आपल्या घरची म्हणून तिच्या ताटात पडू दे, मग बघू ती सुतळी कशाला ओलांडते ते.

झाड वाढलं, त्याला फळं धरली. कडं काही त्यांना लागू होईना, तेव्हा त्याने नजरेनेच माप धरलं. पहिलं फळ जरा गुलाबी दिसलं मात्र, तोडलं. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं. आठ-दहा दिवसांनी त्याचा रंग पुरेसा चढल्यावर स्वतः चिरलं, चुण्यांचा भाग काढून टाकला म्हणजे ओळखू येऊ नये, आणि मीठ लावून बशी तिच्यापुढे ठेवली. स्वतः तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तिने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि पेपर वाचत राहिली. त्याने विचारलं, कसा आहे. ती पेपरातून मान वर न करता म्हणाली, "नेहमीसारखा."

मापाडीच्या पायाखालची जमीन सरकली. असं बघा, त्याचा हिशोब सरळ होता. टोमॅटो तोच. फांदी त्याच झाडाची. पलीकडे खाल्ला तर डोळे मिटतात, घरी खाल्ला तर नेहमीसारखा. मग उरलं काय? गोडी टोमॅटोत नव्हतीच. ती टोमॅटोवाल्यात होती. आजवर हा संशय त्याने मनाच्या कोपऱ्यात दाबून ठेवला होता. आता त्याला पुरावा मिळाला, आणि पुरावा मिळाला की मापाडी बोल्टाला सोडत नसे. रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, तिथे जाऊन दारात उभा राहिला.

"खरं काय ते सांग," तो म्हणाला. "तुला तो टोमॅटो आवडतो की तो माणूस?"

तिने सुरी खाली ठेवली. काय म्हणालात, असं विचारलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं ओकून टाकलं: डोळे मिटणं, रोजचा चहा, केस विंचरणं, आणि शेवटी हेही, की काल तू जो नेहमीसारखा म्हणालीस तो त्याचाच होता, त्याच्याच झाडाच्या फांदीपासून वाढवलेला. त्याला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, बालवाडीत एखाद्या मुलाने चड्डी ओली केली की बघायची तशी.

"साबणाच्या डब्यामागचा ग्लास मला दिसला नसेल असं वाटलं तुम्हाला? तो ग्लास घासला कुणी? आणि त्यालाही माहीत आहे. मोडलेली जागा दिसली त्याला. म्हणाला, साहेबांना फांदी हवी होती तर पिशवीभर दिल्या असत्या, मी त्या रोज उपटून फेकतो."

मापाडीचे कान तापले. चोरलं काय, तर कचरा. आणि चोरीची खबर दोघांनाही होती.

ती पुन्हा बटाटे सोलायला लागली. सोलता सोलता बोलू लागली, तेव्हा आवाज चढलेला नव्हता; चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "टोमॅटो असेल तोच. पण तुम्ही तो कच्चा तोडलात. रंग चढला म्हणजे पिकला असं नसतं हो. एवढ्या वर्षांत तुमच्या झाडावर पिकलेला टोमॅटो मी खाल्लाच नाही, तुम्ही पिकू दिलाच नाहीत कधी." जरा थांबून ती म्हणाली, "तो माणूस बोलून बोलून माझं डोकं उठवतो. पण म्हणतो, बाई, तुम्हाला हवा तो तोडा. तुमच्या पट्ट्यात मी पाय ठेवला की तुम्ही माझ्या पायांकडे बघता. म्हणून मी तिकडे जाते."

त्याला काही तरी बोलायचं होतं. कड्याबद्दल, पाखरांबद्दल, मऊ पडलेल्या मालाबद्दल. आयुष्यभर ज्या गोष्टी त्याला सांगता येत होत्या त्या सगळ्या त्या वेळी फार किरकोळ वाटल्या. तो बाहेर येऊन खुर्चीवर बसला. मत्सर गेला म्हणता का? छे. उलट आता तो नेमका कशाचा ते कळलं होतं, आणि ते जास्त झोंबत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पट्ट्यावर एकही फळ तोडलं नाही. चोरलेल्या झाडाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. आपल्याच कारखानी झाडांपाशी बसून राहिला. सांगायला सोपं आहे हे. फळं लाल झाली, आणखी लाल झाली, फुगली. त्याच्या हातांना अशी खाज सुटायची की तो ते मांडीखाली दाबून बसायचा. एकाला पाखराने टोचलं. एक फुटलं. कंडक्टर पलीकडून म्हणाला, साहेब, माल झाडावरच विकायचा बेत दिसतोय. तेव्हा मापाडीने ओठ घट्ट मिटून घेतले. आत जो माणूस अडलं की बाद म्हणत ओरडत होता, त्याला त्याने मोठ्या कष्टाने गप्प बसवून ठेवलं.

मग एका सकाळी, चपला घालता घालता, बायकोकडे न बघता त्याने तिला विचारलं, चलतेस का. ती आली. सुतळीपाशी आली आणि सवयीने पलीकडे वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "इकडे ये. तुला हवा तो तोड."

शब्द कंडक्टरचे होते, तिच्याकडून ऐकलेले, पण त्याच्या तोंडून निघताना जड गेले. ती त्याच्या पट्ट्यात शिरली. त्याने मान वर करून पाण्याच्या टाकीकडे बघायला सुरुवात केली आणि बघतच राहिला. झाडं सळसळली, कुठलीशी काठी कलली, एक फांदी मोडल्याचा आवाज झाला. तो टाकीकडे बघत होता. बराच वेळ चाचपून तिने एक तोडला, चावला, आणि उरलेला अर्धा त्याच्या हातात दिला.

टोमॅटो उन्हाने कोमट झाला होता. रस सदऱ्यावर सांडला. मापाडीने आयुष्यात प्रथमच आपला टोमॅटो न शिजवता खाल्ला, सावकाश खाल्ला, आणि त्याला ते आवडलं. आवडलं तसा लगेच दुसरा विचारही आला. असा माणूस सुखासुखी घास तरी गिळतो का?

"त्याचा याहून चांगला असतो?" त्याने विचारलं.

ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "असतो."

त्याच्या पोटात पुन्हा कळ आली, ओळखीची. ती मात्र तिथून हलली नाही. त्याला न विचारता तिने झाडात हात घातला आणि दुसरा तोडला.